दोरीवर वाळणारा समुद्र: सर्रिअल डिजिटल कोलाजची मालिका, टप्प्याटप्प्याने

एक कोलाज, म्हणजे फोटोंची कात्रणं जोडून केलेलं स्वप्नासारखं (सर्रिअल) चित्र, झकास जमतं, दुसरं बरं होतं आणि तिसऱ्यापासून गाडं अडतं. कशीबशी सात चित्रं पुरी केली आणि शेजारीशेजारी मांडली, तर ती सात वेगळ्या माणसांनी केल्यासारखी दिसतात. याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं. पहिलं चित्र शेवटच्या ठिपक्यापर्यंत पूर्ण करून मग दुसऱ्याला हात घातलेला असतो.

मीही हेच केलं होतं. पहिली मालिका नऊ चित्रांची, चार महिने खपून केलेली. प्रिंट जमिनीवर मांडल्या तेव्हा दिसलं की तीन चित्रांत ऊन उजवीकडून येतंय, दोन चित्रांत क्षितिज कपाळाला लागलंय आणि एकाचा निळा बाकीच्यांच्या निळ्याशी भांडतोय. नऊपैकी पाच पुन्हा करावी लागली.

म्हणून इथे क्रम उलटा सांगतो. घाऊक शिवणारा शिंपी आधी सगळे कपडे बेततो, मग सगळे कापतो, मग सगळे शिवतो आणि काजं-बटणं शेवटी एकदम उरकतो. मालिकाही तशीच करायची: सगळी चित्रं एकाच वेळी, एकेक टप्पा पुढे.

सॉफ्टवेअर कोणतंही चालेल, फक्त त्यात लेयर (एकावर एक ठेवलेले थर), मास्क (थराचा काही भाग लपवणारं आवरण), कर्व्ह्ज (उजळ-गडदपणा बदलणारी रेषा) आणि डिस्प्लेस फिल्टर (एका चित्राच्या उजळ-गडदानुसार दुसरं सरकवणारं) हवं. मी गिम्प वापरतो, ते फुकट आहे. फोटोशॉपमध्ये हेच सगळं थोड्या वेगळ्या मेनूंखाली सापडतं. उदाहरण म्हणून माझी सध्याची मालिका घेतो. ती गिरगावातल्या एका चाळीत घडते आणि तिच्यात पाणी कापडासारखं वागतं.

## टप्पा १: विषय नको, नियम ठरवा

‘स्वप्नं’, ‘शहर’, ‘एकटेपणा’ असे विषय घेऊन बसलात तर तिसऱ्या दिवशी आकाशात मासे पोहायला लागतील आणि माणसाच्या डोक्याच्या जागी फूल उगवेल. हे सगळं आधी हजारदा होऊन गेलंय. विषय फार मोठा असतो, त्याने हात बांधले जात नाहीत. नियमाने बांधले जातात.

नियम एका वाक्यात लिहा आणि त्या वाक्यात जगातली एकच गोष्ट बदला. माझं वाक्य असं: ‘या चाळीत पाणी हे कापड आहे.’ बाकी सगळं जसंच्या तसं. माणसं नेहमीची, भांडी नेहमीची, भिंतींचे पोपडेही नेहमीचेच. वाक्य पक्कं झालं की चित्रं त्यातूनच निघायला लागतात:

१. गॅलरीत दोरीवर चिमटे लावून वाळत घातलेला समुद्र.
२. शिलाई मशीनच्या सुईखालून सरकणारी नदी.
३. पत्र्याच्या ट्रंकेत डांबराच्या गोळ्या घालून घडी करून ठेवलेला धबधबा.
४. इस्त्रीवाल्याच्या टेबलावर लाटा. अर्ध्या सपाट झालेल्या, अर्ध्या अजून चुरगळलेल्या.
५. विहिरीच्या तुकड्यांची गोधडी.
६. जुनं तळं घेऊन स्टीलचं पातेलं देणारी बोहारीण.
७. रिकामी दोरी, नुसते चिमटे.

तपासणी: नियम लिहिल्यावर घड्याळ लावून दहा मिनिटांत किमान बारा चित्रं शब्दांत सांगता येतात का पाहा. पाच-सहावर अडलात तर नियम कोता आहे. वीसच्या पुढे गेलात आणि तरी थांबवत नसेल तर तो ढिला आहे, काहीही खपवून घेतोय. बारातली पाच मग टाकून द्यायची. पहिली सुचलेली दोन-तीन बहुधा त्यांत जातात, कारण ती कोणालाही सुचली असती.

खबरदारी: चमत्कारावर चमत्कार रचू नका. समुद्र दोरीवर आहे तेवढं पुरे. त्याच चित्रात बाई हवेत तरंगायला लागली की बघणारा दोन्हींवर विश्वास ठेवायचं सोडतो.

## टप्पा २: न बदलणाऱ्या गोष्टी कागदावर उतरवा

इथे बसून खरंच कागदावर लिहायचं आणि तो कागद स्क्रीनशेजारी चिकटवायचा. माझ्या कागदावर हे आहे:

आकार: सगळी चित्रं उभी ए३, ३०० पीपीआय (इंचाला पिक्सेल), म्हणजे ३५०८ × ४९६१ पिक्सेल. मोबाइलवर दाखवताना ४:५ मध्ये कापलं जाईल, म्हणून वर-खाली महत्त्वाचं काही नाही.

क्षितिज: तळापासून ५५ टक्के उंचीवर, सगळीकडे.

उजेड: डावीकडून, जरा वरून. ढगाळ दिवसाचा, म्हणून सावल्यांच्या कडा मऊ.

रंग: भिंतींचा मळका पिवळा, लाकडाचा तपकिरी, पाण्याचा हिरवट निळा आणि प्रत्येक चित्रात एकदाच येणारा लाल. पहिल्यात तो चिमटा आहे, ट्रंकेत कुलपाची दोरी, बोहारणीच्या चित्रात तिची टिकली.

पुन्हा येणारी वस्तू: लाकडी चिमटा. प्रत्येक चित्रात कुठेतरी.

पाच ओळी पुरतात. दहा लिहिल्यात तर चौथ्या चित्रापर्यंत निम्म्या मोडलेल्या असतील.

## टप्पा ३: कात्रणं जमवा

अर्धं काम इथेच होतं आणि लोक नेमकी इथेच घाई करतात. गुगलवर दिसला तो फोटो उचलला की पुढे आठवडाभर त्याच्या चुका झाकत बसावं लागतं.

स्वतः काढलेले फोटो. जमेल तेवढं स्वतः काढा. मोबाइल चालतो, पण पोर्ट्रेट मोड बंद करा. त्यातला धूसरपणा खोटा असतो आणि केसांच्या, बोटांच्या कडा तो खाऊन टाकतो. वस्तूच्या अगदी जवळ जाऊन वाइड लेन्सने काढू नका, बादलीचं तोंड परातीएवढं दिसेल. दोन पावलं मागे जा आणि २एक्स झूम वापरा. उजेड कागदावर लिहिलाय तसाच हवा. मी सगळी कात्रणं ढगाळ सकाळी, खिडकी डाव्या हाताला ठेवून काढली.

कापडाचे फोटो पांढऱ्या किंवा फिक्या कापडाचे काढा. पुढे त्याच्या घड्यांची सावली तेवढी वापरायची आहे. छापील चादर असेल तर फुलंही पाण्यावर उमटतील. कापड ओलं असेल तर घड्या जड पडतात, कोरडं असेल तर हलक्या. मी एक जुनं धोतर ओलं करून दोरीवर टाकलं आणि चाळीस फोटो काढले. कामाला आले दोन.

पाण्यासाठी क्षितिज नसलेले फोटो लागतात. गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या लाँचच्या वरच्या डेकवरून सरळ खाली पाहून काढले की पाणी सपाट कापडासारखं मिळतं. जुलैत ते मातकट असतं. दिवाळीनंतर जा आणि ऊन चढायच्या आत काढा, नाहीतर पाण्यावरचे चमकणारे ठिपके घडीच्या अंधारातही चमकत राहतात.

व्हॉट्सअ‍ॅपवरून मागवलेले फोटो. नेहमीसारखा पाठवलेला फोटो दाबून लहान झालेला असतो. ‘डॉक्युमेंट म्हणून पाठव’ असं स्पष्ट सांगा. काका-मामांना दोनदा सांगा.

छापील कात्रणं. जुनी कॅलेंडरं, मासिकं, पंचांगं यांतली चित्रं बारीक ठिपक्यांची असतात. ३०० ला स्कॅन केली की त्यावर जाळीसारखे पट्टे उठतात. ६०० ला स्कॅन करा, किंचित ब्लर (धूसरपणा) द्या आणि मग आकार निम्मा करा.

खुले संग्रह. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमने २०१७ पासून आणि स्मिथसोनियनने २०२० पासून लाखो चित्रं सीसी झिरो म्हणून, म्हणजे कुठल्याही अटीविना, खुली ठेवली आहेत. अ‍ॅम्स्टरडॅमच्या राइक्सम्युझियममधून मोठ्या आकाराच्या फाइली मिळतात. विकिमीडिया कॉमन्सवर मात्र प्रत्येक फाइलखालचा परवाना वेगळा असतो, तो वाचावा लागतो. परवान्यात ‘एनडी’ असेल तर बदललेलं चित्र प्रसिद्ध करता येत नाही, म्हणजे कोलाजला ते बाद. ‘एनसी’ असेल तर प्रिंट विकता येत नाही. ‘एसए’ असेल तर तुमचं कोलाजही त्याच अटींवर खुलं ठेवावं लागतं.

भारतात छायाचित्रावरचा कॉपीराइट छायाचित्रकाराच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं टिकतो. ‘नेटवर होता’ हा परवाना नव्हे. कात्रण उतरवल्याक्षणी ते कुठून आलं आणि कोणत्या परवान्यावर आलं हे एका वहीत किंवा शीटमध्ये टिपा. सहा महिन्यांनी आठवत नाही.

चाळीतल्या माणसांचे फोटो वापरणार असाल तर आधी विचारा आणि चित्रात काय करणार आहात तेही सांगा. माझ्या बोहारणीला तळं विकत घ्यायची कल्पना फार आवडली. इस्त्रीवाले काका मात्र ‘चेहरा नको’ म्हणाले, म्हणून त्या चित्रात फक्त हात आहेत. चित्र त्याने सुधारलंच.

तपासणी: कात्रण चित्रात जेवढं मोठं दिसणार तेवढ्या पिक्सेलचं आहे का? ए३ च्या अर्ध्या रुंदीएवढी बादली हवी असेल तर फोटोत नुसती बादली सुमारे १७५० पिक्सेल रुंद हवी. कात्रण लहान करता येतं. मोठं करायला गेलात की ते लापशीसारखं होतं.

## टप्पा ४: फाइली लावून घ्या

मालिकेचा एक फोल्डर, त्यात चार: मूळ कात्रणं, कापलेली कात्रणं, चालू चित्रं, अंतिम. मूळ कात्रणांच्या फोल्डरात काहीही सेव्ह करायचं नाही.

मग एकच साचा-फाइल बनवा. कागदावरचा आकार, क्षितिजावर एक गाइड (छापली न जाणारी मदतरेषा), उजेडाची दिशा दाखवणारा एक बाण स्वतंत्र लेयरवर आणि कोपऱ्यात चार रंगांचे चौकोन. ही फाइल सात वेळा कॉपी करा. सातही चित्रं आता सुरू झाली.

या आकाराचा एक पूर्ण लेयर ८ बिटमध्ये सुमारे ७० एमबी मेमरी घेतो. वीस लेयर म्हणजे दीड जीबीच्या घरात आणि १६ बिट निवडलंत तर त्याच्या दुप्पट. ८ जीबीच्या लॅपटॉपवर एका वेळी एकच फाइल उघडा, ब्राउझर बंद ठेवा.

## टप्पा ५: कच्चा टाका

आता सातही चित्रांची कच्ची मांडणी करायची. शिंपी पक्की शिलाई मारायच्या आधी पांढऱ्या दोऱ्याने कच्चा टाका घालतो, तसं. कात्रणं लॅसोने (हाताने वेढा काढून निवडायचं अवजार) ओबडधोबड कापा, कडेला भिंत चिकटलेली राहिली तरी चालेल. जागेवर ठेवा, लहान-मोठी करा, पुढे जा. एका चित्राला अर्धा तास, त्याहून जास्त नाही. केसाभोवती मास्क रंगवायची हौस येईल, ती आवरा.

या टप्प्यावर दोन गोष्टी जुळवायच्या आहेत.

पहिली, नजरेची पातळी. प्रत्येक फोटोला स्वतःचं क्षितिज असतं: कॅमेरा ज्या उंचीवर होता ती उंची. ते शोधायला फोटोतल्या जमिनीच्या दोन समांतर रेषा घ्या, फरशीच्या फटी किंवा गॅलरीचा कठडा आणि त्याखालची कड. त्या वाढवून जिथे मिळतात तिथे क्षितिज. ते साच्यातल्या गाइडवर आणा. सपाट जमिनीवर उभी असलेली, साधारण सारख्या उंचीची माणसं जवळ असोत की लांब, क्षितिज त्या सगळ्यांच्या अंगावर एकाच ठिकाणी कापतं. पुढच्या बाईच्या ते डोळ्यांशी येत असेल आणि मागच्या माणसाच्या गुडघ्याशी, तर मागचा माणूस राक्षस दिसणार किंवा हवेत उभा दिसणार.

दुसरी, उजेडाची बाजू. नाकाखालची सावली, बुबुळातला पांढरा ठिपका, घडीची उजळ कड. या तिघांकडे पाहिलं की कळतं. बाजू चुकली असेल तर कात्रण आडवं उलटवता येतं, पण आपल्याकडे यात एक खोच आहे. नेहमीच्या नेसणीत पदर डाव्या खांद्यावर असतो. बाईचा फोटो उलटवलात की पदर उजव्या खांद्यावर जातो आणि मराठी डोळ्याला ते लगेच खुपतं, काय चुकलंय ते सांगता आलं नाही तरी. शर्टाची बटणं, पाट्या, कॅलेंडरवरचे आकडे हेही उलटे होतात. अशा वेळी फोटो पुन्हा काढणं सोपं.

तपासणी: सातही कच्ची चित्रं लहान करून एकाच पानावर मांडा आणि मोबाइलवर पाहा. अंगठ्याएवढ्या आकारात प्रत्येक चित्रातली विचित्र गोष्ट कळते का? मला इथे कळलं की गोधडीचं चित्र नुसती निळी गोधडी दिसतंय. तुकडे मोठे केले आणि एका तुकड्यात रहाटाचं प्रतिबिंब घातलं, तेव्हा ती विहीर झाली. हा बदल कच्च्या टाक्यावर दहा मिनिटांत झाला, पक्क्या चित्रात दोन दिवस गेले असते.

इथे एखादं चित्र काढून टाकायचं असेल तर बिनधास्त काढा. अजून काही गमावलेलं नाही.

## टप्पा ६: कापणी

आता बारीक काम. एक नियम पाळा: इरेझरला हात लावायचा नाही. खोडलं ते गेलं. लेयर मास्क वापरा. काळ्याने लपतं, पांढऱ्याने परत येतं. एक्स दाबलं की दोन्ही रंगांची अदलाबदल होते, त्यामुळे डावा हात एक्सवर आणि उजवा ब्रशवर ठेवला की काम भराभर चालतं.

कडक कडांना, म्हणजे बादली, ट्रंक, मशीन यांना पाथ किंवा पेन टूल, म्हणजे बिंदू जोडत रेषा आखणारं अवजार. जादूच्या कांडीने, म्हणजे सारखे रंग आपोआप निवडणाऱ्या मॅजिक वाँडने, केलेली कड ए३ वर उंदराने कुरतडल्यासारखी दिसते. केसांसाठी लाल, हिरवा, निळा यांपैकी ज्या चॅनलमध्ये (चित्रातल्या त्या एका रंगाच्या भागात) केस आणि मागची भिंत यांत सर्वांत जास्त फरक दिसतो तो निवडा, त्याची कॉपी करून तिच्यातला काळा-पांढरा फरक ताणा आणि तेच मास्क म्हणून वापरा.

सर्वांत जास्त दिसणारी चूक म्हणजे कात्रणाभोवती राहिलेली जुन्या पार्श्वभूमीची फिकट किनार. मास्कचं सिलेक्शन १-२ पिक्सेल आत घ्या आणि अर्धा ते एक पिक्सेल फेदर (कडेचा मऊपणा) द्या. त्याहून जास्त फेदर दिलंत तर वस्तू धुक्यातून आल्यासारखी वाटेल.

तपासणी: कात्रणाखाली तात्पुरता भडक गुलाबी लेयर टाका, मग काळा टाका. एकावर लपलेली किनार दुसऱ्यावर दिसते.

## टप्पा ७: पाण्याचं कापड करणं

माझ्या मालिकेचं सगळं बळ या टप्प्यात आहे, म्हणून इथे जरा थांबतो. तुमचा नियम वेगळा असला तरी एका पदार्थावर दुसऱ्याचं रूप चढवायचं असेल तर हीच कृती.

नुसता समुद्राचा फोटो धोतराच्या आकारात कापून लावला तर तो समुद्र छापलेला पुठ्ठा दिसतो. लाटा घड्यांबरोबर वळायला हव्यात.

(क) कापडाचं कात्रण जागेवर ठेवून त्याची कॉपी करा. तिचा रंग काढून टाका, काळा-पांढरा फरक वाढवा आणि ४ ते ८ पिक्सेल गॉशियन ब्लर द्या. ब्लर विसरलात तर कापडाचा प्रत्येक धागा पाण्याला धक्का देईल आणि पाणी करवतीच्या दात्यांसारखं फाटेल. रिकाम्या जागी मधला करडा भरा, तो पाण्याला हलवत नाही. पाणी कुठे किती सरकवायचं हे फिल्टरला सांगणारा हा झाला नकाशा.

(ख) समुद्राचा लेयर कॅनव्हासएवढाच ठेवा, कमी नाही आणि जास्तही नाही. नकाशाही तेवढाच. दोन्ही एकमेकांवर नेमके बसले नाहीत तर लाटा घडीच्या शेजारी वळतात.

(ग) समुद्राच्या कॉपीवर डिस्प्लेस फिल्टर लावा. फोटोशॉपमध्ये नकाशा वेगळ्या पीएसडी फाइलमध्ये सेव्ह करावा लागतो, गिम्पमध्ये लेयर निवडता येतो. लहान आकड्याने सुरुवात करा, गिम्पमध्ये १५-२० पिक्सेल. मग थोडं थोडं वाढवा. घडीच्या तळाशी लाट आत वळताना दिसली की थांबा.

(घ) समुद्र आणि कापड एका ग्रुपमध्ये घ्या आणि कापडाचा मास्क ग्रुपला द्या. आता पाणी कापडाच्या आकारात आलं.

(ङ) पांढऱ्या कापडाची स्वच्छ कॉपी सर्वांत वर ठेवून तिचा मोड (वरचा लेयर खालच्यात कसा मिसळतो ते) मल्टिप्लाय करा. घड्यांच्या सावल्या पाण्यावर उतरतात. चित्र फार काळवंडलं तर कर्व्ह्जने त्या कॉपीचे फिके भाग पूर्ण पांढरे करा. घडीची उजळ कड हवी असेल तर आणखी एक कॉपी सॉफ्ट लाइट मोडमध्ये, अपारदर्शकता २०-३० टक्के.

लाटेचा आकार जमणं महत्त्वाचं. लाटा फार बारीक असतील तर निळ्या छापाची साडी दिसते, फार मोठ्या असतील तर रंग ओतल्यासारखं वाटतं. चित्रातल्या बाईच्या तळहाताएवढी एक लाट, हे माप मला लागू पडलं.

समुद्राच्या खालच्या कडेला मी फेसाची पांढरी रेघ आणली, साडीला काठ असतो तशी. तीही डिस्प्लेस केलेल्या लेयरवरच, म्हणजे काठ घडीबरोबर वळतो. मग मोह झाला की खालून चार थेंब टपकताना दाखवावेत. दाखवले, दोन तास लागले, झकास दिसत होते आणि शेवटी काढून टाकले. या चाळीत पाणी हे कापड आहे. पाणी स्वतःच ओलं होऊन टपकायला लागलं तर पहिल्या टप्प्यातलं वाक्य मोडतं. अशा मोहाच्या क्षणी ते वाक्य पुन्हा वाचायचं.

## टप्पा ८: सावल्या

कात्रण तरंगतंय असं वाटलं की त्याची सावली तपासा. ‘ड्रॉप शॅडो’चं बटण दाबणं ही सावली नव्हे. ते कात्रण कागदावर चिकटवल्यासारखं दाखवतं.

प्रत्येक टेकलेल्या वस्तूला दोन सावल्या लागतात. जिथे वस्तू जमिनीला शिवते तिथे अरुंद, गडद रेघ. आणि त्यापासून उजेडाच्या उलट बाजूला पसरत फिकी होत जाणारी सावली. दुसरीसाठी वस्तूच्या आकाराची कॉपी गडद रंगाने भरा, जमिनीवर आडवी पाडा, मल्टिप्लाय मोड द्या आणि ब्लर करा. मग आणखी एक कॉपी जास्त ब्लर करा आणि मास्कवर ग्रेडियंट (काळ्यातून पांढऱ्यात हळूहळू जाणारी छटा) देऊन जवळून लांब जाताना पहिलीतून दुसरी उमटू द्या.

सावलीचा रंग शुद्ध काळा घेऊ नका. त्याच फोटोत आधीपासून असलेल्या एखाद्या सावलीवरून आयड्रॉपरने उचला. माझ्या चाळीत ती तपकिरीकडे झुकलेली निघाली.

खबरदारी: उजेड ढगाळ आहे असं ठरलंय ना? मग लांब, धारदार सावली पाडू नका, कितीही नाट्यमय दिसली तरी.

## टप्पा ९: रंग आणि उजेड, सातही एकदम

हे काम एका बैठकीत करा, निदान एका दिवसात. सोमवारच्या आणि शुक्रवारच्या डोळ्यांना निळा सारखा दिसत नाही. स्क्रीनचा नाइट मोड बंद करा.

क्रम असा: आधी उजळ-गडदपणा, मग रंगाची छटा, सर्वांत शेवटी रंगाचा भडकपणा. उलट केलंत तर गोल गोल फिरत राहाल.

उजळ-गडद पाहायला सर्वांत वर करड्या रंगाने भरलेला लेयर टाकून त्याचा मोड कलर करा. गिम्पमध्ये एलसीएच कलर. चित्र कृष्णधवल दिसेल. आता एखादं कात्रण बाकीच्यांपेक्षा गडद किंवा फटफटीत असेल तर लपत नाही. ढगाळ उजेडातल्या दूरच्या भिंतीचा काळा हा जवळच्या बादलीच्या काळ्याएवढा गडद नसतो. प्रत्येक कात्रणाला स्वतःचं कर्व्ह्ज द्या, जुळवा आणि तपासणीचा लेयर बंद करा.

मग छटा. कोपऱ्यातल्या चार चौकोनांशी ताडून पाहा. शेवटी सगळ्या चित्रांवर एकाच फिक्या पिवळ्याचा लेयर सॉफ्ट लाइटमध्ये १० टक्के टाका, सातही फाइलींत तोच. एकाच दुपारी काढल्यासारखी दिसायला लागतात.

वेगवेगळ्या कॅमेऱ्यांतून आलेली कात्रणं कमी-जास्त धारदार असतात. मऊ कात्रण कितीही शार्प केलं तरी सुधारत नाही, उलट त्याला दाणे फुटतात. म्हणून धारदार असतील ती अर्धा-एक पिक्सेल मऊ करा. मग ५० टक्के करड्या लेयरवर थोडा नॉइज (बारीक दाणे) टाकून त्याचा मोड ओव्हरले करा. हाच लेयर कॉपी करून सातही फाइलींत वापरा.

तपासणी: चित्र आडवं उलटवून पाहा, मग खालची बाजू वर करून पाहा. रोज बघून डोळ्यांना सवय झालेल्या चुका इथे अंगावर येतात.

## टप्पा १०: क्रम, सेव्ह, छपाई

सातही चित्रं पुन्हा एका पानावर मांडा. सर्वांत जोरदार चित्र पहिलं ठेवायची घाई नको. पहिल्या चित्राने नियम समजावून द्यायचा असतो, म्हणून तिथे सोपं, स्वच्छ चित्र हवं. माझ्याकडे ते दोरीवरचा समुद्र. बोहारीण सहावी, कारण तोपर्यंत पाणी कापड आहे हे पटलेलं असतं. दोन चित्रांची मांडणी सारखी वाटत असेल तर ती शेजारी ठेवू नका. तरीही सारखीच वाटली तर एक काढा.

लेयरवाली मूळ फाइल, गिम्पची एक्ससीएफ किंवा फोटोशॉपची पीएसडी, कायम ठेवा, दोन ठिकाणी. एकदा मी फ्लॅटन केलेल्या, म्हणजे सगळे लेयर एकात मिसळलेल्या, फाइलवरच सेव्ह दाबलं होतं. ते चित्र आजही तसंच आहे, त्यातल्या बादलीची सावली चुकलेली. वेबसाठी वेगळी कॉपी, एसआरजीबी (स्क्रीनसाठीची रंगांची पद्धत), जेपेग, दर्जा ८५-९०. छपाईसाठी टिफ (दर्जा न घालवणारा फाइल-प्रकार). फाइलचं नाव इंग्रजी अक्षरांत आणि स्पेस न देता, म्हणजे छापखान्याच्या यंत्रावर अडत नाही.

छपाईत निळ्याने माझा घात केला. स्क्रीनवरचा झळझळीत निळा ऑफसेटवर छापताना जांभळ्याकडे झुकतो आणि पाण्याचा हिरवट निळा मंद पडतो. म्हणून पूर्ण मालिका छापायला देण्याआधी प्रत्येक चित्रातून इंचभर रुंदीची एक पट्टी कापा, गडद आणि उजळ दोन्ही भाग येतील अशी. सातही पट्ट्या एकाच ए४ कागदावर, शेवटी जो कागद वापरणार त्याच कागदावर, छापून घ्या. दिवसाच्या उजेडात खिडकीशी धरून पाहा. गडद भाग बुडाले असतील तर कर्व्ह्जमध्ये सावल्या किंचित उचला, सातही फाइलींत सारख्याच, आणि पट्ट्या पुन्हा छापा.